शालूअक्कांचं अक्षर

शालूअक्का रिक्षात पाय ठेवण्याआधी रिक्षावाल्याला विचारायच्या, "भाऊ, ब्रेक लागतात ना नीट?" रिक्षावाला हसायचा. अक्का हसायच्या नाहीत. मग आत बसून त्या पर्स उघडायच्या, घराची किल्ली आहे का बघायच्या, पर्स बंद करायच्या, आणि रिक्षा चौकात वळली की मला विचारायच्या, "वर्षा, मी कुलूप ओढून बघितलं होतं ना गं?"

"बघितलं होतं, अक्का."

"तू स्वतः पाहिलंस?"

मी स्वतः पाहिलेलं असायचं. धुळ्याच्या देवपुरात आमची घरं शेजारी शेजारी, आणि नोकरीही एकाच शाळेत. मी गणित शिकवायचे, त्या मराठी आणि चित्रकला. त्यांचं कुलूप मी इतक्या वेळा ओढून बघितलं असेल की माझ्या घराच्या कुलपापेक्षा त्यांचंच माझ्या हाताला जास्त ओळखीचं झालं होतं.

शाळेत त्या भामरेबाई. गल्लीत शालूअक्का. बुटक्या, सडपातळ, सुती साडी दोन ठिकाणी पिन लावून घट्ट बसवलेली, आणि उजव्या हाताच्या बोटाला रुमालाचं टोक गुंडाळलेलं. काळजी वाढली की रुमाल आणखी एक वेढा घ्यायचा. सहलीच्या दिवशी बोट पांढरं पडायचं. त्यांचे यजमान, नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. ते घरी अहिराणीच बोलत. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमनी बाई म्हंजे काळजीना कारखाना शे. तीन पाळ्या चालस."

अक्कांना हे ऐकू जायचं. त्या आतून म्हणायच्या, "गॅस बंद केला का बघा आधी."

हा कारखाना एकाच वेळी थांबायचा. अक्का लिहायला बसल्या की. तेव्हा रुमाल बोटावरून सुटून टेबलावर पडलेला असायचा.

त्यांचं अक्षर मी कसं सांगू? किंचित उजवीकडे कललेलं, पण घाईत असल्यासारखं नाही. आधी सगळा शब्द लिहायच्या, बोडकाच, आणि मग शिरोरेघ एका दमात, पहिल्या अक्षराच्या जरा आधीपासून शेवटच्या अक्षराच्या जरा पुढेपर्यंत, मधे हलकीशी लाट घेऊन. वेलांटी आपल्या अक्षरावरून निघून शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखी उतरायची. शाळेच्या दाराशी फळ्यावर रोजचा सुविचार त्यांच्या हातचा. बक्षिसाच्या प्रशस्तिपत्रकांवर मुलांची नावं त्यांच्या हातची. गल्लीत लग्न निघालं की पत्रिकांची पाकिटं त्यांच्या घरी यायची. बाहेरगावी गेलेल्या पोरी सांगायच्या की पाकिटावरचं नाव बघूनच घरचं लग्न आहे हे कळतं.

मात्र फळ्यावर लिहिलेलं काहीही त्या मागे ठेवून जायच्या नाहीत. शाळा सुटली की डस्टर घेऊन दाराशी यायच्या आणि सकाळी लिहिलेला सुविचार स्वतः पुसायच्या. नव्या शिक्षकांना हे विचित्र वाटायचं. मला कारण माहीत होतं. एका पावसाळ्यात पांझरा नदीला पाणी वाढलं म्हणून शाळा लवकर सोडली, आणि मुख्याध्यापकांनी अक्कांकडून फळ्यावर लिहून घेतलं, "उद्या शाळेला सुट्टी आहे." सोमवार होता. मंगळवार गेला, पाणी उतरलं, बुधवारी शाळा भरली, अक्का रजेवर होत्या, आणि फळा पुसायचं कोणाच्याही ध्यानात आलं नाही. मुलांनी बुधवारी तो फळा वाचला आणि गुरुवारी अर्धी शाळा घरी. सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले. अक्कांना मात्र तो दिवस कधी हसण्यासारखा वाटला नाही. त्या मला म्हणाल्या, "मी सोमवारी लिहिलं ते खरं होतं गं. बुधवारी ते खोटं झालं आणि मी तिथे नव्हते."

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात शाळेत फळ्याच्या जागी डिजिटल पडदा आला. सुविचार मोबाइलवर येऊ लागले. पत्रिकाही मोबाइलवरच. पाकिटं घेऊन कोणी येईना. एकदा मी गेले तर अक्का डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या. तूरडाळ, हरभराडाळ, साबुदाणा. सगळ्या डब्यांना काचेची झाकणं होती. आतलं दिसतच होतं.

मयूरी आली ती त्या दिवसांत. आमची जुनी विद्यार्थिनी. जळगावला तिचं छोटं कार्यालय होतं. दुकानांची बोधचिन्हं, खोकी, जाहिराती असली कामं करायची. जळगावच्या एका सराफाला नव्या शोरूमसाठी हाताने लिहिल्यासारखं, दागिन्यासारखं वळणदार मराठी अक्षर हवं होतं. बोर्डावर, पिशवीवर, डबीवर, सगळीकडे तेच. मयूरीने बाजारात होती ती सगळी दाखवली, त्याला एकही पसंत पडलं नाही. मग तिने आपलं सातवीतलं प्रशस्तिपत्रक काढून दाखवलं. तो म्हणाला, हे.

"बाई, मी तुमच्या अक्षराचा फॉन्ट करते," मयूरी अक्कांना म्हणाली. "एकेक अक्षर तुम्ही लिहायचं, मी ते कम्प्युटरवर बसवते. मग कोणीही टाइप केलं की तुमच्या अक्षरात उमटेल."

"कोणीही?"

"म्हणजे जो विकत घेईल तो."

"काहीही?"

"हो, काहीही."

अक्कांचा रुमाल बोटाभोवती फिरला. "आणि मी झोपलेली असले तरी?"

नाना मोठ्याने हसले. मयूरीही हसली. अक्का म्हणाल्या, "नको गं बाई. माझ्या नकळत माझं अक्षर काय काय बोलेल, मला कसं कळायचं?"

मयूरी हिरमुसली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाई, तुम्ही त्या कागदावर माझं नाव लिहिलं होतं ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपलं नाव चांगलं आहे. मी या कामात त्यामुळेच आले."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. "वर्षा, मी हो म्हणू का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"भीती वाटते." मग खाली बघत, "पण मलाही वाटतं गं, की ते राहावं."

काम सुरू झालं आणि नवीच अडचण निघाली. मयूरीने कोरे कागद मांडले, पेन दिलं, म्हणाली, "बाई, क लिहा." अक्कांनी क लिहिला तो पाठ ताठ करून उभा राहिलेला क होता. परीक्षेला बसल्यासारखा. ख त्याहून ताठ. अक्का घामाघूम. "माझं अक्षर गेलं," त्या म्हणाल्या, "बघ, गेलं!" शेवटी मयूरीने युक्ती काढली. अक्कांना अक्षर लिहायला सांगायचंच नाही. मी समोर बसून गप्पा मारत त्यांना काहीबाही सांगायचं, त्यांनी ते लिहायचं, आणि मयूरीने त्यातून हवं ते उचलायचं. मी किराण्याची यादी सांगितली, पुरणपोळ्यांची कृती सांगितली, माझ्या सासरच्या चौदा भानगडी सांगितल्या. कृती लिहून झाली तेव्हा मयूरीने 'पोळ्या' शब्दावर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाली, "हा ळ्या! किती सुंदर आलाय." ज्ञ मात्र येईना. तो आला दूधवाल्याला सूचना लिहिताना, दुधात पाणी असल्याचा संताप चढलेला असताना. 'अज्ञान' या शब्दातला तो ज्ञ आजही त्या फॉन्टमध्ये जरा रागीट दिसतो.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा अक्कांनी भामरे नको, शालिनी नको, काहीच नको म्हटलं. मयूरीने 'शालू' ठेवलं. सराफाला वाटलं, लग्नातला शालू. तो खूश झाला. अक्काही त्या आडोशाला खूश झाल्या.

शोरूमच्या उद्घाटनाला आम्ही तिघं जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल करत बस पोचेपर्यंत अक्कांनी तिकीट चार वेळा तपासलं. शोरूमसमोर ही गर्दी, ताशा, फुलं. आणि वर त्यांचं अक्षर, सोनेरी, त्यांच्या उंचीहून मोठं. शिरोरेघेतली ती लाट दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. अक्का रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या. पदर डोक्यावरून ओढून घेतला, कोणी ओळखेल म्हणून.

"कसं वाटस?" नानांनी विचारलं.

"एखाद्याचा दागिना खोटा निघाला तर?"

"दागिना तू घडावा शे का?"

"नाव तर माझ्या हाताने लिहिलंय."

पण मी त्यांच्याकडे बघत होते. त्या पदराआडून पुन्हा पुन्हा वर बघत होत्या.

पुढच्या वर्षभरात शालू पसरला. मयूरीने विकला तेवढ्याने नव्हे. कोणीतरी त्याची फुकट नक्कल मोबाइलवरून फिरवली आणि खानदेशातल्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याच्या कम्प्युटरमध्ये तो जाऊन बसला. शेवभाजीचा ढाबा, शिकवणीचे वर्ग, बारशाच्या पत्रिका, वाढदिवसाचे शुभेच्छाफलक, सगळीकडे अक्का. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांच्या श्रद्धांजलीचा फलक चौकात लागला, तर त्यांच्या सूनबाई अक्कांचे हात धरून म्हणाल्या, "किती मनापासून लिहिलंत हो." अक्कांना तोवर ते गेल्याचंच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना बाहेर पडणं अवघड झालं. रिक्षात ब्रेकबद्दल विचारणं बंद झालं. त्या दोन्ही बाजूंचे फलक वाचत राहायच्या. एखादा वाचायच्या आत मागे गेला तर रिक्षा थांबवायच्या. "भाऊ, जरा मागे घ्या, तिथे काय लिहिलंय बघू द्या." मी म्हणायचे, अक्का, असं किती वाचणार? त्या म्हणायच्या, "दिसेल तेवढं तरी."

आणि मग सरलाचा फोन आला.

सरला आमच्याच शाळेची. लग्न होऊन पिंपळनेरला दिली होती. तिची मुलगी परी, सहा वर्षांची, तिला फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या आणि त्यांनी बरं होतं. फोनवर सरला एवढंच म्हणाली की परीला धुळ्याला दवाखान्यात आणलंय, बाईंना सांगा. मी आणि अक्का तशाच निघालो.

परी कॉटवर होती. नाकाला नळी, हाताला सलाईन, डोळे मिटलेले. एकामागून एक फिट आल्या होत्या, थांबेचनात. आता थांबल्या होत्या, पण ती शुद्धीवर आली नव्हती. सरला कॉटच्या दांडीला धरून उभी होती. तिची सासू खाली भिंतीला टेकून बसलेली.

"गोळ्या चुकल्या का?" मी विचारलं.

"बंद केल्या होत्या," सरला म्हणाली. "बाजारात एक वैदू बसला होता. मुळी बांधायची, गोळ्या सोडायच्या. मी ऐकणार नव्हते, मॅडम. असे लई येतात." ती अक्कांकडे वळली. तिच्या आवाजात जराही राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पण वर बोर्ड होता ना, बाई. तुमचं अक्षर होतं. मी लांबूनच ओळखलं. मला वाटलं, बाईंनी लिहून दिलंय म्हणजे खात्रीचं असेल."

अक्कांनी कॉटचा कठडा धरला. सरलानेच त्यांना स्टूल दिलं.

"मी नाही लिहिलं गं," त्यावर बसत त्या म्हणाल्या.

"मग कोणी लिहिलं?"

याचं उत्तर मी दिलं. फॉन्ट, कम्प्युटर, नक्कल, सगळं सांगितलं. सरलाने ऐकून घेतलं. तिला समजलं असावं. सासूबाई मात्र अक्कांच्या हाताकडे बघत होत्या.

संध्याकाळी परीने डोळे उघडले, पण आईला ओळखलं की नाही ते कळेना. डॉक्टर म्हणाले, थांबावं लागेल. सकाळी सासूबाईंना घरून कपडे आणायला पिंपळनेरला जायचं होतं. अक्का म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर." मी आणि नानाही निघालो. बाजाराचा दिवस होता. साक्री मागे पडलं तरी अक्का खिडकीतून एकही फलक वाचत नव्हत्या. डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

पिंपळनेरच्या बाजारात वैदू नव्हता. त्याची पथारी, बरण्या, काही नव्हतं. फलक तेवढा दोन खांबांना बांधलेला राहिला होता. "फिट, आकडी, फेफरे कायमचे बंद! दवाखान्याच्या गोळ्या आजच सोडा!" अक्षर सुरेख होतं. शिरोरेघ वाऱ्यावर फुगत होती.

अक्का मान वर करून बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "तो ळ्या बघ. पोळ्यांमधला आहे."

नानांनी शेजारच्या दुकानदाराला फलक काढायला सांगितलं. तो म्हणाला, माझा नाही, मी कसा काढू? तेवढ्यात एक बाई कडेवर पोर घेऊन फलकाखाली आली आणि वैदू कुठे बसतो ते विचारू लागली. आणि शालूअक्का, ज्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात कधी आभारप्रदर्शनही केलं नव्हतं, त्या भर बाजारात मोठ्याने बोलल्या. "बाई, ऐकू नका! गोळ्या सोडू नका. हे खोटं आहे."

लोक थांबले. बोटाभोवतीचा रुमाल इतका आवळला होता की मला तो सोडवावासा वाटत होता.

"तुमी कोन?" एका माणसाने विचारलं.

"मी शिक्षिका आहे. धुळ्याची. हे अक्षर माझं आहे, पण हे मी लिहिलेलं नाही."

"असं कसं व्हई?"

अक्कांनी पर्समधून खडूचा तुकडा काढला. शेजारच्या बंद दुकानाच्या शटरवर त्यांनी लिहिलं, "गोळ्या बंद करू नका." सवयीनेच. तीच वळणं, तीच लाट. शिरोरेघ ओढून झाली आणि गर्दीतून आवाज आला, "एकच शे! देखा, एकच शे. म्हंजे हाईच बाईनं लिखं शे!"

लोक एकदा फलकाकडे बघत होते, एकदा शटरकडे. कडेवर पोर घेतलेली ती बाई म्हणाली, "आधी म्हने सोडा, आते म्हने सोडू नका. आमी काय समजानं?" मागून कोणीतरी विचारलं, "वैदूकडून काय भेटलं, बाई?" एकदोघं हसले. नाना पुढे सरकले, त्यांचा चेहरा लाल झाला होता.

अक्का शटरला पाठ लावून उभ्या होत्या, खडू हातात. एवढंच म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे. नाही म्हणत नाही मी. माझंच आहे, म्हणून तर आले सांगायला."

तेव्हा सरलाची सासू गर्दी सारत पुढे आली. ती गावातलीच. सगळे तिला ओळखत होते. ती अक्कांशेजारी जाऊन उभी राहिली. "मनी नात दवाखानामा शे," ती म्हणाली. "मुळी बांधी, गोळ्या सोड्या, म्हनीसन. आते मायले बी वळखत नही. या बाईनं लिखं व्हतं, तं हाई आठे काबर येती?"

त्या इथे आल्याच कशाला असत्या, हे बाजाराला पटलं. वांगी विकणारी एक बाई उठली, विळा घेतला आणि एका खांबाची दोरी कापली. दुसरी नानांनी सोडली. फलक खाली पडला तेव्हा अक्कांनी एवढंच मागितलं की तो पालथा करा. वांगीवालीने तो पालथा करून त्यावर आपली वांगी ओतली.

आम्ही चौकीत तक्रार दिली. तो वैदू पुढे सापडला की नाही, मला ठाऊक नाही. परी त्याच आठवड्यात घरी गेली. बोलायला काही दिवस अडखळत होती, मग तेही सुटलं. पण ते सुटेपर्यंत अक्का रोज सरलाला फोन करून परीला एक तरी वाक्य बोलायला लावायच्या आणि फोन ठेवून मला सांगायला यायच्या की आज कोणत्या शब्दाला अडखळली.

मयूरी धुळ्याला आली ती रडतच. तिने शालू विकणं थांबवलं होतं. फुकटच्या नकला मात्र कोणाच्याच हातात नव्हत्या. "बाई, मी काय करू सांगा," ती म्हणत होती.

"रडू नकोस आधी," अक्का म्हणाल्या. "अक्षर तू सुरेखच केलंस. ते आता जिकडे जायचं तिकडे जाणार." मग त्यांनी टेबलाच्या खणातून पहिलीतल्या मुलांची असते तशी दुरेघी वही काढली. "मी लिहिलेलं कोणतं आणि फॉन्टने लिहिलेलं कोणतं, हे ओळखू यायला पाहिजे. त्याला तर बदलता येत नाही. मी बदलते."

नाना म्हणाले, "आते? या वयमा?"

"मग केव्हा?"

त्या खरोखरच बसल्या. रोज दुपारी, ओट्यावर. उभी अक्षरं, सुटी सुटी, प्रत्येकावर वेगळी आखूड शिरोरेघ. ते बघवत नसे. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालून चालावं तसा त्यांचा हात चालायचा. जरा लक्ष हललं की जुनी लाट यायचीच, मग त्या ते पान फाडायच्या. पूर्वी लिहिताना रुमाल टेबलावर असायचा. आता तो लिहितानाही बोटाला असे, आणि त्यामुळे पेन नीट धरता येत नसे. मी एकदा न राहवून म्हटलं, "अक्का, कोणी सांगितलंय हे? तुमची एकच तर सुखाची जागा होती."

त्यांनी मान वर केली नाही. "परीच्या गोळ्यांच्या वेळा लिहून द्यायच्यात सरलाला. कोणत्या अक्षरात देऊ, सांग."

त्या वेळा त्यांनी नव्या अक्षरात लिहिल्या. सकाळ, संध्याकाळ, एकही गोळी चुकवायची नाही. कागद पोचल्यावर सरलाचा फोन आला, "बाई, कागद मिळाला, पण हा कोणाकडून लिहून घेतला? अक्षर किती कच्चं आहे!" अक्का दिवसभर हे ज्याला त्याला सांगत होत्या. मी त्यांना इतकं खूश शोरूमच्या उद्घाटनालाही पाहिलं नव्हतं.

पुढे नानांचे गुडघे फार धरले. जिना नको, एकटं नको, म्हणून दोघांनी नाशिकला मुलीकडे जायचं ठरवलं. जायच्या आधी बँकेतलं खातं तिकडे हलवायचं होतं. अक्का म्हणाल्या, तूही चल. मी गेले.

काउंटरवर तरुण मुलगा होता. त्याने अर्ज घेतला, स्क्रीनवर काहीतरी पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं. "मॅडम, ही सही तुमची आहे?"

"माझीच."

"जुळत नाहीये." त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवला. तिथे खूप वर्षांपूर्वीची सही होती. 'शालिनी भामरे', एका दमात ओढलेली. अक्कांनी चष्मा वर करून ती जवळून बघितली.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या नातवंडाबद्दल बोलावं तशा.

"तशीच एकदा करून दाखवा."

त्याने कोरा कागद दिला. अक्कांनी पेन टेकवलं. मला वाटलं, येईल, एवढ्या वर्षांचा हात आहे. पण शिरोरेघ मध्येच तुटली. दुसऱ्यांदा वेलांटी अर्ध्यावर थबकली. तिसऱ्यांदा त्या 'शा'पाशीच थांबल्या. आमच्या मागे रांग वाढत होती. खातं अडकणार, नाशिकचं तिकीट काढलेलं, नानांना उभं राहवत नव्हतं. त्या मुलाने मान हलवली, "नाही जुळत, मॅडम."

"नाही जुळायची," अक्का म्हणाल्या. "ती मला आता येत नाही. नवी नोंदवून घ्या."

तो मुलगा आत जाऊन साहेबांशी बोलून आला. ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला, अक्कांचा चेहरा पाहिला, आणि शेवटी तीन चौकटी छापलेला एक कागद पुढे ठेवला. "तिन्ही चौकटींत सही करा. तिन्ही सारख्या आल्या पाहिजेत, बरं का."

नाना खुर्चीत बसले होते, अक्कांची पर्स मांडीवर धरून. अक्का काउंटरवर वाकल्या. शा, लि, नी. प्रत्येक अक्षर वेगळं उभं केलं, प्रत्येकावर स्वतंत्र रेघ दिली. पहिली चौकट भरली. दुसरी भरली. त्यांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी पाहिल्या, बोटाने माप घेतलं. सारख्या होत्या.

"आजी, जरा लवकर," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"हो, हो," अक्का म्हणाल्या, आणि तिसऱ्या चौकटीत सावकाश 'शा' काढायला घेतला.